‘आय हॅव सेंट इट यस्टरडे’: हॅवची चूक परत परत का होते आणि ती कशी काढायची

तक्रार जवळजवळ नेहमी याच शब्दांत येते. “मॅडम, नियम पाठ आहेत, रिकाम्या जागा बरोबर भरतो, पण मेल लिहायला घेतला की हॅव घुसतंच.” नाशिकच्या सातपूरला माझा संध्याकाळचा इंग्रजीचा वर्ग असतो. अंबडच्या कारखान्यांत क्वालिटीला किंवा स्टोअरला असलेली मुलं तिथे येतात, दिंडोरी-पिंपळगावकडच्या द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये कागदपत्रं सांभाळणाऱ्या ताई येतात, परदेशी जायच्या तयारीतले काही जण येतात. प्रत्येकाचं काम वेगळं असलं तरी वहीत लाल खूण पडते ती याच वाक्यांवर:

‘वी हॅव लोडेड द कंटेनर यस्टरडे.’
‘आय हॅव सबमिटेड द फॉर्म ऑन फिफ्थ जून.’
‘आय हॅड गॉन टू पुणे लास्ट संडे.’
‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स थ्री इयर्स.’

चारही चुकीची आहेत. आणि चारही वाक्यं मराठीत परत नेली तर चोख बसतात. दुखणं नेमकं इथेच आहे. नियम आणखी दहा वेळा पाठ केल्याने ही चूक जात नाही, कारण ती नियम विसरल्यामुळे होतच नाही. आपली मराठी काळ कसा मोजते ते एकदा नीट पाहिलं तर जाते.

मूळ कुठे आहे

शाळेत आपल्याला एक समीकरण मिळालं. क्रियापदाच्या शेवटी ‘ला आहे, ली आहे, ले आहे’ दिसलं की हॅव किंवा हॅज आणि व्हीथ्री, म्हणजे क्रियापदाचं तिसरं रूप. नुसतं ‘ला, ली, ले’ दिसलं की व्हीटू, म्हणजे दुसरं रूप, साधा भूतकाळ. परीक्षेपुरतं हे समीकरण चालून जातं, कारण परीक्षेतलं वाक्य ‘मी आंबा खाल्ला आहे’ एवढंच असतं. त्यात काल नसतो, सोमवार नसतो, पाच तारीख नसते. कामाच्या मेलमध्ये मात्र हे सगळं असतं, आणि तिथे समीकरण फसतं.

‘दिनांक ५ जून रोजी अर्ज सादर केला आहे.’ हे वाक्य आपण तलाठ्यापासून बँकेपर्यंत सगळीकडे लिहितो आणि ते उत्तम मराठी आहे. मराठीतला हा ‘आहे’ सांगतो की काम झालं, त्याची नोंद आहे, माझ्याकडून बाकी काही राहिलेलं नाही. त्याच्या शेजारी तारीख आली तरी त्याला अडचण होत नाही. इंग्रजीतलं हॅव तारीख सोसत नाही. हॅव म्हणणारा माणूस आजच्या जागी उभा राहून मागे बघत असतो. ‘यस्टरडे’ किंवा ‘ऑन फिफ्थ जून’ म्हटलं की तो इथून निघून त्या दिवसात जाऊन पोचतो. इंग्रजीत एकाच वाक्यात या दोन्ही जागी राहता येत नाही.

म्हणून पहिला उपाय अगदी साधा आहे. वाक्य लिहून झालं की त्यात ‘कधी?’चं उत्तर सापडतं का ते बघा. काल, परवा, सोमवारी, पाच तारखेला, २०१५ मध्ये, दोन दिवसांपूर्वी, दहा वाजता, मी लहान असताना: यातलं काहीही सापडलं तर हॅव काढायचं आणि व्हीटू टाकायचं. मराठीत शेवटी ‘आहे’ आहे की नाही, तिकडे पाहायचंच नाही. ‘वी लोडेड द कंटेनर यस्टरडे.’ ‘आय सबमिटेड द फॉर्म ऑन फिफ्थ जून.’ निम्म्याहून अधिक लाल खुणा एवढ्यानेच जातात.

“पण मॅडम, काम झालंय हेही सांगायचंय आणि कधी झालं हेही सांगायचंय,” असं कोणी तरी हमखास म्हणतं. रास्त गरज आहे. मग दोन वाक्यं करा. ‘आय हॅव सबमिटेड द फॉर्म. आय सबमिटेड इट ऑन फिफ्थ जून.’ इंग्रजी बोलणारे लोक असंच बोलतात: बातमी हॅवने द्यायची, तपशील साध्या भूतकाळात सांगायचा. नाशिकचा सिंहस्थ बारा वर्षांनी येतो, त्यामुळे माझ्या वर्गात वयाने मोठ्या असलेल्यांकडून मी हे वाक्य करून घेते: ‘आय हॅव सीन द नाशिक कुंभ ट्वाइस. आय सॉ इट इन २००३ ॲण्ड अगेन इन २०१५.’ दोनदा पाहिला, ही आजची शिदोरी, म्हणून हॅव. साल आलं, म्हणून सॉ.

ही चाल आपल्याला परकी नाही, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं. घरी फोन येतो, “गाडी बंद पडलीये.” आपण लगेच विचारतो, “कुठे पडली? कधी पडली?” बातमी ‘पडलीये’ने आली आणि चौकशी ‘पडली’ने झाली. इंग्रजीतही हुबेहूब हेच होतं: ‘द कार हॅज ब्रोकन डाउन.’ ‘व्हेअर डिड इट ब्रेक डाउन?’ म्हणजे कान आपल्याकडे आधीच आहे. फक्त मराठी ‘काल बंद पडलीये’ म्हणायलाही मोकळीक देते आणि इंग्रजी देत नाही, एवढाच फरक सांभाळायचा.

वेळ लिहिलेलीच नसेल तर

खरी पंचाईत इथे होते, म्हणून इथे जरा थांबू.

पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नाशिकमध्ये सगळे एकच गोष्ट विचारतात: नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर आलं? गोदावरीच्या पुराचं आपलं मोजमाप तेच. समजा, तुम्ही रामकुंडाजवळ उभे आहात, पाणी मारुतीच्या कमरेला लागलेलं आहे, आणि तुम्ही परगावच्या मित्राला कळवता: ‘द वॉटर हॅज रीच्ड हिज वेस्ट.’ बरोबर. आत्ता, या क्षणी, पाणी तिथे आहे. दोन दिवसांनी पूर ओसरला, मारुती पायापर्यंत मोकळा झाला. आता तीच हकिगत सांगताना ‘हॅज रीच्ड’ म्हणालात तर ऐकणारा समजेल की पाणी अजून चढलेलंच आहे. तेव्हा ‘इट रीच्ड हिज वेस्ट’ म्हणायचं. वाक्यात वार नाही, तारीख नाही, तरी साधा भूतकाळच. पाणी ओसरलं, तसं हॅवही ओसरलं.

म्हणून ‘कधी?’ला उत्तर मिळालं नाही तर दुसरा प्रश्न विचारा: ‘अजून तसंच आहे का?’ घडलेल्या गोष्टीचा परिणाम आत्ता समोर असेल तर हॅव. तो मिटला असेल, बदलला असेल, कोणी दुरुस्त केला असेल तर साधा भूतकाळ.

हा फरक किती महाग पडू शकतो ते वर्गातल्या एका ताईंच्या अनुभवावरून कळलं. द्राक्षं शीतकंटेनरमध्ये शून्य अंशाच्या आसपास ठेवून पाठवतात. एकदा वाटेत थोडा वेळ तापमान चढलं, तासाभरात पूर्ववत झालं, आणि ताईंनी प्रामाणिकपणे खरेदीदाराला कळवलं: ‘द टेम्परेचर हॅज गॉन अप टू फाइव्ह डिग्रीज.’ पलीकडच्या माणसाने त्याचा एकच अर्थ लावला, की माल आत्ता पाच अंशांवर आहे. रात्री फोनावर फोन. ‘द टेम्परेचर वेन्ट अप टू फाइव्ह डिग्रीज फॉर ॲन अवर, बट इट इज नॉर्मल नाऊ’ एवढं लिहिलं असतं तर त्या रात्री सगळे झोपले असते. ताईंच्या मनात मराठी वाक्य होतं, ‘तापमान पाच अंशांवर गेलं आहे’. मराठीत पुढचं वाक्य ऐकेपर्यंत कोणी घाबरलं नसतं.

वेळ न लिहिताही ठरलेली असते, असा आणखी एक प्रसंग म्हणजे गोष्ट सांगणं. तुम्ही गेल्या आठवड्यातल्या लग्नाबद्दल बोलताय. पहिल्या वाक्यात ‘लास्ट वीक’ येऊन गेलं. मग पुढची दहा वाक्यं त्याच मांडवात घडतात: जेवण छान होतं, नवरदेव उशिरा आला, तुमची जुनी मैत्रीण भेटली. या दहाही वाक्यांना साधा भूतकाळच. प्रत्येकात ‘लास्ट वीक’ परत लिहावं लागत नाही. मात्र मैत्रिणीबद्दल ‘ती आता कॅनडाला गेलीये’ असं सांगायचं झालं तर तिथे ‘शी हॅज मूव्ह्ड टू कॅनडा’, कारण ती बातमी मांडवातून निघून आजच्या दिवसात आली.

मराठी शब्दांच्या चार खोड्या

पहिला शब्द ‘कधी’. मराठीत त्याचे दोन अर्थ आहेत आणि इंग्रजीत त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. ‘तू पांडवलेणी कधी चढलास?’ यात दिवस विचारलाय, म्हणून ‘व्हेन डिड यू क्लाइम्ब?’ ‘तू कधी पांडवलेणी चढला आहेस का?’ यात दिवस नको, आयुष्यात एकदा तरी घडलंय का एवढंच हवं, म्हणून ‘हॅव यू एव्हर क्लाइम्ब्ड?’ ‘व्हेन हॅव यू क्लाइम्ब्ड?’ असं वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते. व्हेनने घडून गेलेल्या गोष्टीचा दिवस विचारला की हॅव येणार नाही, हे पक्कं धरा.

दुसरा शब्द ‘गेलाय’. इथे मराठी उलट मदतीला येते. ‘दादा त्र्यंबकला गेलाय’ म्हणजे घरी नाही: ‘ही हॅज गॉन टू त्र्यंबक.’ ‘दादा त्र्यंबकला जाऊन आलाय’ म्हणजे परत घरी आहे: ‘ही हॅज बीन टू त्र्यंबक.’ गॉन आणि बीन यांत गोंधळ झाला की मनात ‘जाऊन आलाय’ बसतं का ते बघा. बसलं तर बीन. इंग्रजीच्या पुस्तकांत या फरकासाठी बराच मजकूर खर्ची पडतो, आपल्याला तो दोन शब्दांत आईकडूनच मिळालेला आहे.

तिसरा ‘पासून’, आणि हा सगळ्यांत चिवट. ‘तीन वर्षांपासून’ आणि ‘२०२२ पासून’ दोन्हीकडे आपण एकच प्रत्यय लावतो, म्हणून दोन्हीकडे सिन्स येतं. इंग्रजी इथे दोन भाग करतं. सुरुवात कुठे झाली ते सांगायचं तर सिन्स: सिन्स २०२२, सिन्स मंडे, सिन्स दिवाळी. किती लांबी झाली ते सांगायचं तर फॉर: फॉर थ्री इयर्स, फॉर टू डेज. आणि क्रियापदात दुसरी अडचण येते. ‘काम करतोय’ हा मराठीत वर्तमानकाळ, म्हणून ‘आय ॲम वर्किंग’ तोंडात येतं. पण मागे सुरू झालेलं आणि अजून चालू असलेलं काम इंग्रजीत हॅवनेच बांधावं लागतं: ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर थ्री इयर्स.’ म्हणजे नको तिथे हॅव घालणारा माणूस हवं तिथे मात्र ते विसरतो. दोन्हीचं कारण एकच, मराठी क्रियापदाच्या शेपटाकडे बघून इंग्रजी क्रियापद निवडणं.

मुलाखतीत याचा थेट परिणाम होतो. एका मुलाने सांगितलं, ‘आय वर्क्ड इन क्वालिटी फॉर थ्री इयर्स.’ समोरून प्रश्न आला, नोकरी का सोडली? तो तर त्या दिवशी सकाळची शिफ्ट करून मुलाखतीला आला होता. ‘आय वर्क्ड फॉर थ्री इयर्स’ म्हणजे तीन वर्षं केलं आणि संपलं. चालू नोकरीला ‘आय हॅव वर्क्ड’ किंवा ‘आय हॅव बीन वर्किंग’. सोडलेल्या नोकरीला ‘आय वर्क्ड’. बायोडेटा कोणालाही पाठवण्याआधी ही दोन वाक्यं तेवढी नक्की तपासा.

चौथी खोडी ‘होता’ची. ‘मी गेल्या रविवारी पुण्याला गेलो होतो’, आणि आता परत आलोय, एवढ्यासाठी मराठी ‘होतो’ वापरते. इंग्रजीतलं हॅड त्या कामाचं नाही. हॅड तेव्हाच, जेव्हा भूतकाळातल्या एका गोष्टीच्याही आधीची गोष्ट सांगायची असते. बाबासाहेबांनी १९३५ मध्ये येवल्याला धर्मांतराची घोषणा केली होती, हे इंग्रजीत ‘बाबासाहेब ॲनाउन्स्ड’ असंच येईल, ‘हॅड ॲनाउन्स्ड’ नाही. पण गोष्ट १९५६ च्या नागपूरवरून सांगत असाल तर: ‘व्हेन ही एम्ब्रेस्ड बुद्धिझम इन नागपूर, ट्वेंटी वन इयर्स हॅड पास्ड सिन्स येवला.’ नागपूर ही खुंटी, येवला तिच्या मागे. अशी खुंटी नसेल तर हॅड लावू नका. ‘आय वेन्ट टू पुणे लास्ट संडे’ पुरेसं आहे.

ओघात एक लहानशी गोष्ट: ‘मी पहिल्यांदाच येतोय’ याचं ‘धिस इज द फर्स्ट टाइम आय ॲम कमिंग’ होत नाही. ‘आय हॅव कम’ होतं.

लास्ट आणि जस्ट

‘लास्ट वीक’ आणि ‘इन द लास्ट वीक’ या दोन्हींत लास्ट आहे, तरी पहिल्यासोबत साधा भूतकाळ येतो आणि दुसऱ्यासोबत हॅव. मराठीत बघा: ‘गेल्या आठवड्यात’ तो आठवडा सरला, आता नवा सुरू आहे. ‘गेल्या आठवडाभरात’ म्हणजे सात दिवसांपूर्वीपासून थेट या क्षणापर्यंत. मनात ‘भरात’ आलं की हॅव. ‘वी शिप्ड टू कंटेनर्स लास्ट वीक.’ ‘वी हॅव शिप्ड टू कंटेनर्स इन द लास्ट वीक.’

‘जस्ट’चंही तसंच. ‘ही हॅज जस्ट लेफ्ट’ चालतं, पण ‘जस्ट नाऊ’ म्हणजे क्षणापूर्वी, म्हणून ‘ही लेफ्ट जस्ट नाऊ’. ‘अगो’ असेल तिथे तर दुसरा विचारच नको.

इथे एक शंका नेहमी येते: अमेरिकन माणसं ‘डिड यू ईट येट?’ म्हणतात, मग आम्हाला का अडवता? ते बरोबर बोलतात. जस्ट, ऑलरेडी, येट यांच्यासोबत अमेरिकेत साधा भूतकाळ सर्रास चालतो, ब्रिटनमध्ये ‘हॅव यू ईटन येट?’ जास्त वापरतात. दोन्ही शिकलात तर उत्तमच. पण ‘आय हॅव ईटन यस्टरडे’ अमेरिकेतही नाही आणि ब्रिटनमध्येही नाही. सवलत हॅव गाळण्यापुरती आहे, कालच्या वाक्यात ते घालायला नाही.

आता करायचं काय

नवीन पुस्तक घेऊ नका. आपल्याच पाठवलेल्या मेलचा फोल्डर उघडा, त्यात हॅव, हॅज आणि हॅड हे तीन शब्द शोधा, आणि सापडलेल्या प्रत्येक वाक्यात वेळेचा शब्द आहे का ते बघा. पंचवीस-तीस वाक्यं तपासली की तुमची चूक कुठल्या शब्दापाशी होते ते कळतं. कोणाची ‘ऑन’ आणि तारखेपाशी होते, कोणाची ‘सिन्स’पाशी. एकदा ती जागा कळली की मेल पाठवण्याआधी फक्त तेवढंच वाचायचं. वर्गात ज्यांनी हे दोन-तीन आठवडे नेटाने केलं, त्यांच्या वहीतल्या खुणा कमी झालेल्या मी पाहिल्या आहेत.

बोलताना एवढी उसंत नसते, तेव्हा कानाची तयारी करावी लागते. इंग्रजी बोलणारे ‘आय हॅव फिनिश्ड’ असं सुटं म्हणत नाहीत, ‘आय्‌व्ह फिनिश्ड’ असं एका दमात म्हणतात, आणि तो ‘व्ह’ आपल्याला ऐकूच येत नाही. आपणही ‘केलं आहे’चं ‘केलंय’ करतो. त्या शेवटच्या ‘य’वर जसा आपला कान असतो, तसाच ‘व्ह’वर ठेवायचा. बातम्या ऐकताना बघा: मथळ्याच्या वाक्यात बहुधा हॅज येतं, आणि पुढे तपशील सुरू झाला की ते नाहीसं होतं.

आणि ‘टुडे’चं काय, हा प्रश्न उरतोच. टुडे, धिस मॉर्निंग, धिस वीक यांना दोन्ही चालतं, घड्याळ बघून ठरवायचं. सकाळचे साडेदहा झालेत, तुम्ही डेस्कवर आहात: ‘आय हॅव सेंट थ्री मेल्स धिस मॉर्निंग.’ सकाळ अजून चालू आहे, चौथा मेल जाऊ शकतो. दुपारी चार वाजता त्याच तीन मेलबद्दल बोलाल तर ‘आय सेंट थ्री मेल्स धिस मॉर्निंग.’ मेल तेच, सकाळही तीच, फक्त ती सकाळ आता संपलेली आहे.